वडा क्रमांक सहा

तुलबहादूर घर्ती आमच्या गल्लीचा राखणदार.
उद्यमनगरात शेवटच्या भट्टीची धग निवली
की त्याची शिट्टी सुरू होते,
आणि दर तासाला विजेच्या खांबावर काठीचा एक ठोका.

मे महिन्यात त्यानं पंधरा दिवसांची रजा मागितली.
"गावात वड्याचं इलेक्शन हाय, शेठ."
आम्ही लेथवाले खो खो हसलो.
कटवडा का सुका, विचारलं धोंडीराम टर्नरनं.
तोही हसला. मग म्हणाला,
वडा म्हणजे वॉर्ड. आमच्या रोल्पात असंच म्हणत्यात.

भावाभावांतली लढाई मिटली,
तेव्हा काठमांडूतली सगळ्यात मोठी कचेरी
गावागावांत वाटून टाकायचं ठरलं.
"सिंहदरबार गावात" अशी घोषणाच होती म्हणे.
जन्म, मरण, जमीन, पाणी,
सगळ्याचा शिक्का आता डोंगर उतरला की अर्ध्या तासावर.
मी म्हटलं, नशीबवान आहात लेको.
आमच्या प्रभागाला किती वर्षं झाली नगरसेवक नाही,
तुंबलेल्या गटाराचा अर्ज घेऊन
मी प्रशासकाच्या दारात चपला झिजवतोय.
तो काही बोलला नाही.
काठीच्या टोकाची लोखंडी टोपी घट्ट करत बसला.

पुणे, लखनौ, नेपाळगंज, मग बस, मग पायवाट.

परत आला ते अंगठ्याच्या नखावर शाई घेऊन.
आपल्याकडं तर्जनीला लावतात, त्यांच्यात अंगठ्याला.
कागदाची मतपत्रिका, शिक्का स्वस्तिकाचा.
"कुणाला दिलंस?"
"दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर मारला."
"म्हणजे बाद."
"बाद. पण मारला."

पुढचं त्यानं एका रात्री सांगितलं,
फीडर उडाला होता, सगळी गल्ली अंधारात,
आणि साच्यांतली वाळू अजून गरम.

मक्याच्या शेतातून बापाला नेलं तेव्हा
तुल नऊ वर्षांचा होता.
नेणाऱ्यांत गावचाच एक, जोखबहादूर बुढा.
कुठल्या बाजूचा ते त्यानं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
बाप मेला असं कुणी म्हटलं नाही.
वीस वर्षं आई
कुंकू लावायचं का नाही, एवढंच धरून बसलेली.

आता जोखबहादूर वडाध्यक्ष. निवडून आलेला, रीतसर.
आणि ते शेत तुलच्या नावावर व्हायचं
तर नात्याचा दाखला लागतो,
त्यावर सही वडाध्यक्षाची.

"गेलो. खुर्चीवर बसा म्हणाला.
पंखा माझ्याकडं फिरवला.
माझं नाव विचारलं, आजाचं विचारलं.
बापाचं नाव न विचारता लिहिलं, शेठ.
ऱ्हस्व-दीर्घासकट बरोबर."

मग नात्यापुढच्या रकान्याशी पेन थांबलं.
बाहेर कोणीतरी बकरी हाकलत होतं.
मग त्यानं लिहिलं: मयत.
खाली सही. सहीवर गोल शिक्का, वडा क्रमांक सहा.
शिक्का नीट उठला नाही म्हणून
फुंकर मारून परत एकदा उठवला.

"कागद घेऊन आईकडं गेलो.
तिला वाचता येत नाही.
तिनं फक्त विचारलं, सही कुणाची?"

एवढं बोलून तो उठला,
तीनचा ठोका द्यायची वेळ झाली होती.

आज राजारामपुरीत त्या कागदाचं लॅमिनेशन करून आणलं,
तीस रुपये.
पोरगं म्हणालं, काका, एक बुडबुडा राहिलाय,
परत रोलरमधून काढू का?
मी म्हटलं, राहू दे.
गटाराचा अर्ज दुसऱ्या खिशात होता.
महापालिकेच्या पायऱ्यांपर्यंत गेलो,
आणि तिथंच जरा वेळ उभा राहिलो.

तुलच्या नखावरची शाई आता अर्ध्यावर आलीय.
नख वाढतंय तशी पुढं सरकते.
"सरकार जवळ आलं, शेठ," तो म्हणतो,
"लई जवळ आलं."